पाठमोरा नेम

मामंजी, तुमचा चेहरा आठवायला बसले की आधी तुमची पाठच डोळ्यांसमोर येते. खळ्याच्या कडेला, जांभळीखाली, रानाकडे तोंड करून उभी असलेली पाठ. अंगावर कांबळं, उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा उतरलेला, मानेवर पांढरे केस. दुसऱ्या बायकांना आपल्या सासऱ्याचं काय काय आठवत असेल कोण जाणे, मला पाठ आठवते. आणि त्या पाठीपलीकडून येणारा आवाज, "हं. सावकाश."

तुम्हाला जाऊन अजून महिना भरायचा आहे. तुमचं कांबळं परवापरवापर्यंत दांडीवर तसंच होतं. सासूबाई रोज सकाळी त्याला हात लावून बघायच्या आणि "अजून दमटच हाय" म्हणत परत तिथंच ठेवायच्या. ऊन चांगलं पडत होतं, कांबळं केव्हाच वाळलं होतं, पण घडी घालून ते पेटीत ठेवायला त्यांचं मन धजत नव्हतं. आज आपल्या गावच्या नेमाचा दिवस होता. तो कसा झाला ते सांगायलाच बसले आहे. पण तुम्ही मला ओळखता. मास्तराची पोर मी, मुद्द्यावर यायच्या आधी चार वळणं घेणारच.

माझ्या माहेरी, खानापूरकडे, आपला हा नेम कुणाला सांगितला तर लोक आधी हसतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं गाव ओढ्यावर जमतं, पलीकडच्या काठावर फणसाची फळी उभी करतात, फळीच्या मधोमध चुन्याचा ठिपका. ज्या ज्या घरात बंदूक आहे त्या घरातल्या एकानं अलीकडे बसून गोळ्या मारायच्या. रात्री राखणीला शेतातल्या माळ्यावर बसतात तसं बसून, उभं राहून नाही. ज्या घराच्या गोळ्या ठिपक्याला जवळ, त्या घराकडे वर्षाची राखण. भात पोटरीला आलं की डुकरं, गवे, सांबरं रानातून उतरणार, आणि त्यांच्यापासून साऱ्या गावाचं शेत सांभाळायचं ते त्या घरानं. नव्या भाताची पहिली लोंबी देवळात न्यायची तीही त्याच घरानं. तुमच्या वडिलांनी ही राखण घरात आणली आणि तुम्ही ती कधी बाहेर जाऊ दिली नाही. खानापूरकडून कधीतरी वर येऊन या रानात घर केलेल्या आपल्यासारख्यांना गावानं आपलं म्हटलं ते या राखणीमुळं, असं तुम्ही नेहमी सांगायचात. हे सांगताना तुमचा आवाज बदलायचा.

मग तुमच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. सासूबाईंना कळलं, कारण तुम्ही तांब्यातलं पाणी भांड्याच्या बाजूला ओतायला लागलात. त्या साली नेमाला तुमच्या गोळ्या फळीच्या कडेला लागल्या. वरच्या वाडीतल्या सोमाची दारू दमट निघाली म्हणून राखण कशीबशी घरात राहिली. घरी येऊन तुम्ही बंदूक खुंटीला लावलीत आणि जेवला नाहीत.

हे तुमचे एकुलते एक, पण यांचं चित्त रेल्वेत. कॅसलरॉकला गँगमध्ये काम करणारा, आठवड्याला घरी येणारा माणूस. तुम्ही यांना खळ्यावर बसवून पाहिलंत. बार व्हायच्या आधीच यांचे दोन्ही डोळे मिटलेले. "अप्पा, मला रूळ उचलाय सांगा, डोंगर पोखराय सांगा, हे काय जमायचं न्हाई," असं म्हणून हे जे उठले ते परत बसले नाहीत. तुम्ही रागावला नाहीत. नुसते खळ्याच्या कडेला जाऊन उभे राहिलात. त्या दिवशी तुमची पाठ मी पहिल्यांदा नीट बघितली.

माझं नाव कसं निघालं ते मला सासूबाईंनी सांगितलं. मी शेतात गोफणीनं पोपट उठवत होते आणि तुम्ही बांधावर बसून बऱ्या डोळ्यानं बघत होता. घरी येऊन म्हणालात, "सोडायच्या आधी हिचा श्वास थांबतोय गे. शिकवून येत न्हाई ते." सासूबाई म्हणाल्या, "मग? सुनेच्या हातात बंदूक देणार व्हय?" तुम्ही म्हणालात, "गोफण दिलीच की." एवढ्यावर ठरलं. मला कुणी विचारलंच नाही, आणि खरं सांगते, मला त्याचा आनंदच झाला.

पण शिकवायचं कसं? सासऱ्यानं सुनेला हात लावायचा नाही, आणि सुनेनं सासऱ्यासमोर डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही. इकडे बंदूक अंगाला बसवायची म्हणजे सगळा हाताचा खेळ. खांदा इकडे ओढ, कोपर आत घे, मान खाली कर. दुसऱ्या कुणाला तुम्ही धरून बसवलं असतंत. मला बसवायला तुम्ही एक युक्ती काढलीत, ती आठवली की अजून हसू येतं. खळं नुकतंच सारवलेलं असायचं, ओलसर. तुम्ही त्यावर स्वतः बसायचात, बंदूक धरायचात, आणि उठून बाजूला व्हायचात. शेणाच्या सारवणात तुमच्या बसण्याचा ठसा. मग मी त्या ठशात बसायचं. तुमचा पाय माझ्या पायापेक्षा केवढा, तुमची मांडी केवढी! मी त्या ठशात बसले की मला वाटायचं, एखाद्या मोठ्या माणसाच्या झोपेत शिरून बसले आहे. सकाळचं धुकं खळ्यावर उतरलेलं असायचं, ओढा दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. त्या सगळ्या सकाळी आता एकच सकाळ झाल्यासारख्या वाटतात.

ठसा काही जुळेना. तुम्ही बराच विचार केलात आणि एक दिवस सासूबाईंना म्हणालात, "तिला सांग, इळीवर बसतीस तशी बस." मी समोरच होते, पण बोलणं तेव्हा अजून सासूबाईंच्या तोंडून व्हायचं. विळीवर बसताना माझा उजवा गुडघा वर असतो, बंदुकीला डावा वर हवा, म्हणजे त्यावर कोपर टेकवता येतं आणि नळीचं ओझं हाडावर जातं. "हाताच्या मासावर वजन घेतलं की हात थरथरतोय. हाडावर घे. हाड दमत न्हाई." हे तुमचं वाक्य. मी मग सवय व्हावी म्हणून स्वयंपाकघरातही उलटी बसून भाजी चिरायला लागले. बोट कापलं. सासूबाई भडकल्या, "दोघं मिळून माझ्या घरातली इळी बी वाकडी करतायसा." तुम्ही पडवीत होता. हसू दाबायला तुम्ही खोकलात, ते मला कळलं होतं.

मग ते वर गेलेल्या गोळ्यांचं प्रकरण. गोळ्या साऱ्या फळीच्या वरून. एकही उजवीला नाही, डावीला नाही, सरळ वर. तुम्ही दारू कमी करून पाहिलीत. तीच दारू गजानं जास्त ठासून पाहिलीत. फळी जवळ आणलीत. तरी वरच. नळी वाकली असेल म्हणून ती उजेडाला धरून बघितलीत. शेवटी बंदुकीला नारळ फोडलात. खोबरं खाल्लं, गोळ्या वरच गेल्या. कारण काय ते तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलेलं होतं, मामंजी, आणि मलाही. डोईवरून आलेला पदर माझ्या गालाच्या आणि बंदुकीच्या लाकडी दस्त्याच्या मध्ये यायचा. लुगड्याची जाड घडी गालाखाली. गाल वर, म्हणजे डोळा वर, म्हणजे गोळी वर. उघड गोष्ट. पण "पदर बाजूला घे" असं सासऱ्यानं सुनेला कोणत्या तोंडानं म्हणायचं? आणि "पदर काढू का" असं सुनेनं कोणत्या तोंडानं विचारायचं? म्हणून आपण दोघं मुकाट्यानं दारू मोजत बसलो. साऱ्या तालुक्यात नेम चुकण्याचं असं कारण फक्त आपल्या घरी घडलं असेल.

शेवटी सासूबाईच कावल्या. हातातलं सूप खाली आपटून म्हणाल्या, "पोरीचा पदर येतोय मधी, कुणाला दिसत न्हाई व्हय? तुम्ही तिकडं तोंड करा. गे, तू घे तो खाली." तुम्ही जांभळीखाली गेलात आणि रानाकडे तोंड करून उभे राहिलात. मी पदर खांद्यावर घेतला. गाल पहिल्यांदा उघड्या लाकडाला लागला. लाकूड गार होतं. त्याला तुमच्या दाढीनं घासून घासून आलेली गुळगुळीत जागा होती, तीत माझा गाल बसला. बार झाला. धूर धुक्यात मिसळला. समोरच्या डोंगरावरून आवाज परत आला. फळीच्या मध्याशी, ठिपक्याच्या जरा खाली, भोक होतं.

त्या दिवसापासून तुमची पाठ ती पाठच. मला शिकवणारा माणूस मला बघतच नव्हता, ही गोष्ट मी माहेरी सांगितली तर बाबा म्हणाले, असा कसा गुरु. पण तुम्हाला बघायची गरजच नव्हती. तुम्ही माझ्या बांगड्या ऐकायचात. चापावर बोट गेल्यावर जरा जरी कीण वाजलं की तुम्ही पाठमोरेच म्हणायचात, "वाजली. उजवीला गेली." आणि ती उजवीलाच गेलेली असायची. श्वास अर्धा सोडून थांबवला की नाही तेही तुम्हाला कळायचं. कसं ते मला अजून कळलेलं नाही. मी कोपर सरकवलं तर तुम्हाला लुगड्याची सळसळ कळायची. कधी वाटायचं, तुम्ही समोर बघत असता तर माझ्याकडे इतकं लक्ष दिलं नसतंत.

आणि प्रत्येक बारानंतर तुमचा तोच प्रश्न, "कुठं लागली गे?"

मी फळीकडे जायला उठले की तुम्ही दटावायचात. "बस. जाऊन बघणं कुणालाबी येतंय. बार उडाला तवा माशी कुठं हुती ते सांग." नळीच्या टोकावरची ती लोखंडाची माशी त्या क्षणाला कुठं होती ते डोळ्यात धरून ठेवायचं, धूर आला तरी सोडायचं नाही, आणि बघायच्या आधी सांगायचं. डोळा मिटला असेल तर सांगता येणार नाही. घाबरले असेन तर सांगता येणार नाही. मी सांगायचे, "खाली, जरा डावीला." मग मी पदर घ्यायचे, खाकरायचे, आणि तेव्हा तुम्ही वळायचात. आपण दोघं फळीपर्यंत चालत जायचो, तुम्ही पुढं, मी मागं. तुम्ही भोकावर बोट फिरवून बघायचात, डाव्या डोळ्यालाही तोवर कमी दिसायला लागलं होतं. बरोबर निघालं की म्हणायचात, "व्हय." याहून मोठी शाबासकी तुम्ही मला कधी दिली नाहीत आणि मलाही लागली नाही.

पहिल्या नेमाला मी ओढ्यावर आले तेव्हा साऱ्या माना माझ्याकडे वळल्या होत्या. सोमाचे काका म्हणाले, "बाईमाणूस? नेमाला?" तुम्ही म्हणालात, "घरातलं कुणीबी, असंच चालत आलंय न्हवं? सून घरातली न्हाई म्हणा, मी उठतो." कोण म्हणणार तसं? साऱ्यांच्या घरी सुना होत्या. मी बसले, डावा गुडघा वर घेतला, आणि तुम्ही नेहमीसारखे रानाकडे वळलात. साऱ्या गावाची तोंडं ओढ्याकडे आणि तुमचं एकट्याचं उलटीकडे. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "अवो, बघा की तुमची सून." तुम्ही म्हणालात, "मी ऐकतोय की." बार झाला आणि त्या सगळ्या गलबल्यात तुमचा आवाज आला, "कुठं लागली गे?" मी म्हणाले, "ठिपक्याला." माझी शेवटची गोळी चुन्यात होती, सोमाची बाहेर. मी पदर घेतल्यावर तुम्ही वळलात तेव्हा तुमचे डोळे पाण्यानं भरले होते. मोतीबिंदूमुळं पाणी येतं, असं तुम्ही सोमाच्या काकांना सांगितलंत.

आता भांडणाचं बोलते. ते राहिलंय ना आपलं.

दस्ता तुमच्या वडिलांनी शिसवीचा करून घेतलेला, त्यांच्या हातापायाच्या मापाचा, आणि तुम्ही त्यांच्यासारखेच उंच. दस्त्याचं टोक कोपराच्या वळणात ठेवलं की बोट चापावर आलं पाहिजे. तुमचं यायचं. माझं दोन बोटं अलीकडेच राहायचं. मग मी मान पुढं ताणायची, हात लांबवायचा, आणि दस्ता खांद्याच्या खळगीत न बसता दंडावर सरकायचा. प्रत्येक बाराला दंडावर धक्का. नेमाच्या दिवसांत माझा दंड जांभळा व्हायचा, सासूबाई हळदतेल लावायच्या आणि जाऊन तुम्हाला सांगायच्या. तुम्ही म्हणायचात, "दोन बोटं दस्ता काप. बंदूक अंगाला बसवत्यात. अंग बंदुकीला न्हाई." मी म्हणायचे, नाही. कापला की तो तुम्हाला कधीच बसणार नाही. "मला कशाला बसाय पायजे? मी काय बघतोय तिच्यातनं?" मी म्हणायचे, मिरजेला डोळ्याचा डॉक्टर आहे, मोतीबिंदू काढतो, माणसं बघत परत येतात. कॅसलरॉकला गाडीत बसायचं, हे सोबत येतील, दस्ता कापायचं मग बघू.

"तू आधी काप, मग जातो मिरजेला."

"तुम्ही आधी मिरजेला जा, मग कापते."

वर्षानुवर्षं हेच. पहिल्यांदा थट्टा होती, मग हट्ट झाला, मग सवय झाली. तुम्हाला डोळ्याला सुरी लागायची भीती वाटायची, हे तुम्ही कबूल केलं नाहीत. मला काय वाटायचं ते मीही कबूल केलं नाही. तो दस्ता लांब आहे तोवर तुम्ही कधीतरी तो परत खांद्याला लावाल, माझ्या मागं उभं राहायचं सोडून माझ्या शेजारी बसाल, आणि मी तुमच्या बांगड्या नसलेल्या हातांकडे कान लावून उभी राहीन, असं मला वाटायचं. मला तुमचा नेम एकदा बघायचा होता, मामंजी. आणि तुम्ही माझा बघावा असं फार वाटायचं. डोळे बरे होऊन आला असता तर मी सासूबाईंच्या नाकावर टिच्चून तुम्हाला वळायला सांगितलं असतं. यंदा ज्येष्ठात आपलं शेवटचं वाजलं. तुम्ही म्हणालात, "हट्टी हाईस." मी म्हणाले, "कुणाची सून?" तुम्ही रागानं उठून गोठ्यात गेलात, आणि थोड्या वेळानं तिथून हसण्याचा आवाज आला.

भाद्रपदात ताप आला तो उतरला नाही. सासूबाईंच्यानं तुम्हाला उचलणं होईना, हे कामावर. मग मीच उचललं. पहिल्या दिवशी तुम्ही अंग चोरून घेतलंत. मी म्हणाले, "मामंजी, हाडावर वजन घ्या, दमायला होणार नाही." तुम्ही डोळे मिटूनच हसलात आणि अंग सैल सोडलंत. उतरलेल्या खांद्याखाली मी घोंगडीची घडी सारली, मानेखाली हात घालून उशी वर घेतली, कोपर पोटाशी आणलं. "आता बसलं," तुम्ही म्हणालात. इतकी वर्षं मला एक बोट न लावता तुम्ही माझं अंग मापात बसवलंत आणि मला तुमचं बसवायला मिळालं ते हे एवढंच. त्याबद्दल मी देवाची ऋणी आहे, आणि तुमच्यावर चिडलेलीही आहे. चिडायचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. मिरज काही लांब नव्हती.

तुम्ही गेल्यावर घरात बोलणं निघालं की यंदा सुतक आहे, सण नाही, नेमाला जायचं की नाही. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "सण आपला गेला. डुकरं सुतक पाळत न्हाईत. जायचं." यांनी सुप्याच्या कचेरीत खेपा घालून बंदुकीचा परवाना आपल्या नावावर करून आणला. तो दाखवून मला म्हणाले, "नाव माझं, बंदूक तुझी. अप्पांचंच पुढं चालव."

आणि मी लोंढ्याहून सुतार बोलावला.

त्यानं माझा हात मापला, दस्त्याला खडूनं रेघ मारली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. करवतीचा आवाज मला ऐकवेना म्हणून मी जांभळीखाली जाऊन रानाकडे तोंड करून उभी राहिले. तिथून काय काय ऐकू येतं, मामंजी! करवत कुठं अडली ते कळलं. सासूबाईंनी नाक ओढलं ते कळलं. लाकूड सुटून जमिनीवर पडलं तेही. वळले तेव्हा सासूबाईंनी तो तुकडा उचलून घेतला होता, तुमच्या खांद्यानं घासून काळा झालेला. आत गेल्या, दांडीवरचं कांबळं काढलं, त्यात तो गुंडाळला आणि पेटीत ठेवला. म्हणाल्या, "वाळलं बघ आज."

मी बंदूक खांद्याला लावली. काही शोधावं लागलं नाही. दस्ता खळगीत आला, गाल लाकडावर आला, डोळा उघडला तर माशी समोर उभी. मान ताणलेली नाही, हात लांबलेला नाही. इतकं सोपं असतं हे मला माहीतच नव्हतं. तुमचंच बरोबर होतं. हे तुमच्या तोंडावर म्हणायची माझी फार इच्छा होती आणि तुम्ही "व्हय" म्हणाला असतात.

आज पहाटेपासून धुकं होतं. ओढ्यावर आलो तेव्हा पलीकडची फळी दिसेना, सारे थांबून राहिले. बायका हळू बोलत होत्या, कुणी तुमचं नाव काढलं की आवाज आणखी खाली जायचा. हे माझ्या मागं उभे राहिले, तुमच्या जागेवर, पण तोंड फळीकडे करून, आणि दोन्ही कानांत बोटं घालून. सासूबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "पदर घेतीस का खाली घेतीस? त्येनी आता कुठनंबी बघत असतील गे." मला हसू आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना प्रश्न पडला होता.

सोमानं आधी मारल्या. सोमा आता चांगला मारतो, मामंजी, शेवटची गोळी त्याची चुन्याच्या कडेला शिवून गेली. राखण जायची तर आज, हे साऱ्यांना दिसत होतं. मी बसले. डावा गुडघा वर, कोपर हाडावर. माझ्या पहिल्या गोळ्या ठिपक्याच्या जवळपास, पण सोमाच्या पुढं नाहीत. शेवटची उरली. पदर खांद्यावर घेतला. माशी आली, श्वास अर्धा सोडला, आणि मी थांबले. मागून "हं" येईना. मी त्याची वाट बघत होते हे मला तेव्हा कळलं. धुक्याचा एक लोट ओढ्यावरून सरकत गेला, फळी बुडाली, परत वर आली. मला वाटलं, तुम्ही जांभळीखालीच आहात, आणि जांभळ इथं ओढ्यावर आली आहे, आणि खळंही, त्यावरचा तुमचा मोठा ठसाही, आणि मी त्यातच बसले आहे. आज पहिल्यांदा तो मला बरोबर बसला होता. बांगडी वाजली नाही. मी स्वतःशीच म्हणाले, "हं. सावकाश."

बार झाला. डोंगरानं आवाज परत दिला. धूर होता, गाव ओरडत होतं, पोरं ओढ्यातून पलीकडे धावली, यांनी कानांतली बोटं काढून मला काहीतरी विचारलं. सारे फळीकडे बघत होते. कुठं लागली असं मात्र कुणीच विचारलं नाही. मी धुरातून डोळा काढला नव्हता, माशी कुठं होती ते मला माहीत होतं, आणि ते सांगायला मला माणूस नव्हता. म्हणून घरी आल्यावर हे लिहायला बसले.

मध्ये लागली, मामंजी. राखण घरातच आहे. पदर मी अजून डोक्यावर घेतलेला नाही. तरी वळा.